कंपवातात घरचा व्यायाम : एका जागची सायकल की तोलाचा सराव?

कंपवाताचे (पार्किन्सन्स आजाराचे) निदान झाल्यावर घरी कोणता व्यायाम निवडावा, हे रुग्ण चालताना पडतो की नाही यावर सर्वाधिक ठरते.

एका जागच्या सायकलच्या बाजूचा पुरावा चांगला आहे. नेदरलँड्समध्ये सौम्य आजाराच्या 130 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने सहा महिने घरीच, आठवड्यातून किमान 3 दिवस, 30 ते 45 मिनिटे सायकल चालवली, तर दुसऱ्याने शरीर ताणण्याचे व्यायाम केले. कंपवाताच्या गोळीचा असर नसताना हालचालींची तपासणी केली, तेव्हा दोन्ही गटांची स्थिती खालावलेली होती; मात्र सायकल चालवणाऱ्यांची घसरण सुमारे 4 गुणांनी कमी होती. सायकल आजार उलटवत नाही, ही मर्यादा विकणारे सहसा सांगत नाहीत. शिवाय बसून पाय मारताना तोल सावरण्याचा सराव होतच नाही.

पडण्याचे प्रसंग सुरू झाले असतील, तर माझे मत तोलाच्या सरावाकडे झुकते. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये 195 रुग्णांवरील अभ्यासात (2012) आठवड्यातून दोनदा, तासभर, 24 आठवडे ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करणारे रुग्ण ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर संथपणे नेणे हे त्यातले मुख्य काम. परंतु तिथे शिक्षक समोर होता. घरी हे करताना पुढे स्वयंपाकाचा ओटा, मागे पक्की खुर्ची आणि शेजारी माणूस हवा.

हा शेजारचा माणूसच कळीचा आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. बर्लिनमधील 2010 च्या अभ्यासात चार आठवडे, 16 सत्रांत, थेरपिस्टसमोर मोठ्या पल्ल्याच्या हालचाली केलेल्या रुग्णांचे हालचालींच्या तपासणीतले गुण सुमारे 5 ने सुधारले. एकदाच शिकवून घरी करायला सांगितलेल्यांचे सुधारले नाहीत. म्हणून सायकलवर खर्च करण्याआधी फिजिओथेरपिस्टची काही सत्रे घ्यावीत, असे मला वाटते. शुभंकर दिवसभर कामावर असेल, तर एकट्याने तोलाचा सराव टाळून सायकल निवडावी. चढता-उतरताना धरायला भक्कम आधार असावा.

दोन्ही व्यायाम गोळीचा असर चांगला असताना करावेत. उठताना चक्कर येत असेल, तर आधी बसून आणि मग उभे राहून रक्तदाब मोजावा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी.