रिअल टाइम सर्व्हर सांगून भलतंच गळ्यात मारतायत, बेदाणावाल्यांनो बघून घ्या

सांगलीतल्या अडतवाल्यांसाठी आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. आमचं ऑफिस मार्केट यार्डात, स्टोरेज तासगावकडं. इकडं लॉट विकला की तिकडच्या यादीत लगेच विकलेला दिसावा एवढंच हवं होतं, नाहीतर एकच माल दोघांना बोलला जातो आणि बाजारातला शब्द जातो. एका डेव्हलपरनं मीटिअरवर (जावास्क्रिप्टमधली ॲप बनवायची तयार चौकट) सर्व्हर करतो, सगळी कलेक्शन, म्हणजे डेटाच्या याद्या, दोन्हीकडं आपोआप सिंक होतील म्हणून 2 लाख सांगितले, सव्वा लाख आधीच घेतले. डेमो झकास, एका टेबलावर दोन लॅपटॉप, इकडं आकडा बदलला की तिकडं बदलतोय.

सीझन लागला आणि स्टोरेजवरचा नेट पॅक दुपारीच संपायला लागला, यादी मागं राहायची, आणि दोघांनी एकच लॉट उघडला की नंतर सेव्ह करणाऱ्याचं राहायचं, पहिल्याची नोंद गायब. त्यात एका शेतकऱ्याचा माल दोनदा विकला गेला. त्याचं वर्षाचं पीक होतं ते, पैशापेक्षा राग मला याचा आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं क्रोममध्ये एफ12 दाबून नेटवर्क टॅब दाखवला, सर्व्हरशी काय देवाणघेवाण चाललीय ते त्यात दिसतं. मीटिअरमध्ये ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये वेबसॉकेटचं (दोन्ही बाजूंनी मेसेज जाणारी लाइन) एकच कनेक्शन उघडं राहतं, आधी यादी येते, मग बदललं तेवढंच ॲडेड, चेंज्ड, रिमूव्हड असे छोटे मेसेज येतात. आमच्यात दर 3 सेकंदाला नवी रिक्वेस्ट आणि दरवेळी अख्खी यादी! मीटिअरसोबत असतो तो मोंगोडीबी डेटाबेस कुठंच नाही, साधी पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेस. आणि विकलेला लॉट परत विकता येऊ नये ही तपासणी सर्व्हरवर लिहावीच लागते, कितीही भारी सिंक असू दे, तीपण नव्हती. होस्टिंग त्याच्याच नावावर, आता फोन उचलत नाही, आम्ही पोलिसात अर्ज दिलाय.

दोन लॅपटॉपचा हाच डेमो अजून एकदोघांना दाखवलाय असं कानावर आलंय. तुम्हालाही दाखवला असेल तर पुढचा हप्ता थांबवा, एक लॅपटॉप मोबाईलच्या नेटवर दुसऱ्या गावात ठेवून बघा, मधेच नेट बंद करून चालू करा, दोघांनी एकाच वेळी तोच लॉट विकून बघा, आणि सोर्स कोड, डोमेन, होस्टिंग स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका. तक्रारीत नाव जोडायचं असेल तर मला मेसेज करा.