तिबेटी बाजारातला लोकरीचा ब्लाऊज

नागपूरची थंडी सकाळची. जानेवारीत साडेसहाला स्कूटी काढते तेव्हा ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत, आणि बाराला शाळा सुटते तेव्हा त्याच रस्त्यावर घाम येतो. २०१८च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा घेतलेला जाडजूड स्वेटर मी इतकी वर्षं वापरला. वर्गात काढला की आत तोकड्या बाह्यांचा ब्लाऊज, म्हणजे काकडायचं. ठेवला की जीव गुदमरायचा.

यंदा थंडीपुरत्या इथे भरणाऱ्या तिबेटी बाजारातून साडेचारशेला लोकरीचा ब्लाऊज घेतला. मरून रंग, व्ही गळा, बाह्या मनगटापर्यंत. विकणारी ताई गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली. माल लुधियानाचा, हे तिनेच सांगितलं आणि ब्लाऊज उलटा करून शिवण दाखवली. कमरेला चार बोटं रुंद, ताणली जाणारी विणीची पट्टी आहे. खरी करामत तिची! फळ्यावर अगदी वरपर्यंत लिहिलं तरी ब्लाऊज सरकत नाही, पाठ उघडी पडत नाही.

त्याच्या आत खोल गळ्याचं पातळ थर्मल घालते, म्हणजे गळ्यातून डोकावत नाही. वर साडी, पदराच्या बारीक निऱ्या पिनअप केलेल्या, आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचं बिनबाह्यांचं काळं कार्डिगन. तेही तिच्याचकडचं, सातशेला. ऑफव्हाइट खादीच्या साडीवर हे इतकं उठून दिसतं की स्टाफरूममध्ये तिघींनी दुकान विचारलं. स्कूटीवर मात्र सगळ्यावर विंडचीटर हवाच. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि विणीच्या भोकांतून वारा शिरला की ती ऊब जाते. शाळेत विंडचीटर डिकीत, दुसऱ्या तासाला कार्डिगन खुर्चीवर. काहीही उतरवलं तरी नीटनेटकी दिसते, हे मला फार आवडलं.

ब्लाऊजमध्ये निव्वळ लोकर नाही, अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं आहे. दोन धुण्यांत काखेत धाग्यांचे गोळे आले. घालून बघायला आडोसा नाही. आत थर्मल जाणार, तेव्हा एक नंबर मोठाच घ्या.

बाजार उठायच्या आत परत जायचंय. आईचे हात खांद्यावर जात नाहीत, तिच्यासाठी पुढून बटणांचा बदामी ब्लाऊज ताईला बाजूला काढून ठेवायला सांगितलाय.