एसक्यूएल शिकायला एसक्यूलाइट: सोपं, पण जरा जास्तच सैल

डेटाच्या नोकरीसाठी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकायचं तर सुरुवात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस प्रणालीवरच करा. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, तोही फुकट. विंडो फंक्शनसुद्धा (ओळी एकत्र न करता प्रत्येक ओळीशेजारी बेरीज किंवा क्रमांक देणारी) चालतात. राइट आणि फुल जॉइन (दोन टेबलं जोडताना न जुळलेल्या ओळीही ठेवणारे प्रकार) हवे असतील तर 3.39 किंवा पुढची आवृत्ती घ्या.

खटकतो तो सैलपणा. इंटिजर कॉलममध्ये अक्षरं टाकली तरी निमूट साठवतं. टेबल बनवताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहाच. फॉरेन कीची तपासणी (एका टेबलातला संदर्भ दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, ही) सहसा बंद असते, ती दर कनेक्शनला प्राग्मा या सेटिंगच्या आदेशाने सुरू करावी लागते. सगळ्यात घातक म्हणजे ग्रुप बायमध्ये (ओळींचे गट पाडणाऱ्या भागात) नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये (दाखवायच्या कॉलमच्या यादीत) राहिला तरी एरर येत नाही, गटातल्या कुठल्यातरी ओळीची किंमत येते. पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस तीच क्वेरी सहसा नाकारतो. जॉइन हाताला बसले की तिकडे वळा. युजर आणि ग्रँट (कुणाला कशाची परवानगी द्यायची ते) तिथेच शिकता येतात.