डीह्युमिडिफायर: हवेतली ओल जाते, भिंतीतली नाही

डोंबिवलीतील आमच्या घरासाठी पावसाळ्याच्या तोंडावर दिवसाला २० लिटर पाणी ओढण्याचा दावा करणारा कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर घेतला आणि मोसमभर वापरला. कपाटातील कपडे, चामड्याचे पट्टे आणि पुस्तकांची बांधणी यांवर दरवर्षी येणारी बुरशी थांबावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती आणि ती त्याने पुरी केली.

यंत्र खोलीतील हवा गार नळ्यांवरून ओढते, बाष्पाचे पाणी होऊन ते खालच्या टाकीत साठते आणि कोरडी हवा पुन्हा खोलीत सोडली जाते. दारे-खिडक्या नीट बंद असतील, तर सकाळी ८५ टक्के असलेली झोपण्याच्या खोलीतील आर्द्रता संध्याकाळपर्यंत साठीच्या खाली उतरते, आणि तिथे टिकली की बुरशीला वाढायला वाव राहत नाही, कुबट वासही जातो. खिडकी किलकिली राहिली, की मात्र यंत्र बाहेरचा पावसाळाच वाळवत बसते. यंत्रावरील आकडा त्याच्या अगदी जवळच्या हवेचा असल्यामुळे काहीशे रुपयांचा वेगळा आर्द्रतामापक कपाटात ठेवणे अधिक विश्वासाचे ठरते.

२० लिटरचा आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून सांगितलेला असतो. हवा कोरडी होत जाते तसे हाती येणारे पाणी साधारण निम्म्यावर येते, हे विक्रेते सांगत नाहीत. शिवाय खोली थंड होण्याऐवजी किंचित तापते. सुमारे ३०० वॉटचे यंत्र सहा तास चालले, तर दोन युनिटच्या आतबाहेर वीज लागते, जी मला जास्त वाटली नाही. आवाज मात्र झोपमोड करणारा आहे, म्हणून ते दिवसाच चालवावे.

माझी खरी तक्रार जाहिरातीतील ‘भिंतींची ओल घालवा’ या वाक्याबद्दल आहे. नैऋत्येकडून येणारी झड पश्चिमेच्या भिंतीवर आपटते, गिलाव्याच्या बारीक भेगांतून पाणी आत मुरते आणि आतील रंगाला पोपडे येऊन लोणा लागतो. ही ओल बाहेरून येत असताना आतील हवा वाळवून ती थांबणार नाही. कोकणात पावसाआधी भिंतींना झावळ्यांचे झाप बांधतात, ते याच कारणासाठी, आणि त्यामागची समज या जाहिरातीपेक्षा पक्की आहे. ओल कुठली हे ओळखायचे असेल, तर भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. खोलीच्या बाजूला पाणी धरले तर दोष दमट हवेचा, आणि प्लॅस्टिकच्या मागे धरले तर भिंतीचा. दुसऱ्या प्रकारात यंत्रावर पैसे घालवू नयेत. आधी बाहेरच्या भेगा बुजवून घ्याव्यात, शेजारच्या किंवा वरच्या मोरीची गळती तपासावी.

घरातच कपडे वाळत घालणाऱ्यांना आणि कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवावी लागणाऱ्यांना हे यंत्र जरूर उपयोगी पडेल. कपाट चार बोटे पुढे ओढले तर त्याचा परिणाम आणखी चांगला दिसतो. विकत घेताना टाकीबरोबर पाणी थेट मोरीत सोडणारी नळी जोडता येते का, हे पाहून घ्यावे, कारण टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते आणि आपण कामावरून परतेपर्यंत खोली पुन्हा दमट झालेली असते.