बेळगावचं मेमरी क्लिनिक: चार तारे

सासऱ्यांना, आबांना, खानापूरहून घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाईंना अजिबात घाई नाही. ३० गुणांची मोका चाचणी, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची तपासणी, मराठीतून घेतली: घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. भाताच्या सगळ्या जाती तोंडपाठ असलेल्या आबांना थोड्या वेळानं त्यातला एकही आठवेना.

मोठ्या तपासण्यांआधी बी-१२ आणि थायरॉइड बघितलं, ते बिघडलं तरी विसरायला होतं म्हणे. मग एमआरआय, मेंदूतला आठवणींचा भाग, हिप्पोकॅम्पस, आक्रसलाय का ते बघायला. रक्तातल्या पी-टाऊ २१७ चं, म्हणजे अल्झायमरमध्ये वाढणाऱ्या एका प्रथिनाचं, मीच विचारलं. अमेरिकेत मे २०२५ मध्ये त्यावर आधारित तपासणीला एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामकाची, मंजुरी मिळाली, वय ५५ आणि त्यापुढच्या, लक्षणं दिसणाऱ्यांसाठी. बाई म्हणाल्या, मेंदूत अमिलॉइड हे अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन साचलंय का याचा अंदाज त्यातून येतो, पण नुसत्या त्यावर निदान करत नाहीत. महागडी तपासणी गळ्यात मारली नाही, हे मला फार आवडलं.

एक तारा काउंटरनं घालवला. फॉर्म कानडी-इंग्रजीत, आणि आबांसमोरच मोठ्यानं, "ह्यांना काही कळतंय का?" कळतंय की! आबा दिवसभर घुश्शात.

सकाळचीच वेळ घ्या. जुने चष्मे, कानाचं मशीन न्यायला विसरू नका.