ठाणे जेलमधून सुटलेल्या भावाला ज्या चर्चच्या घरात ठेवलं त्याचा रिव्ह्यू (लांब आहे, पण ज्यांना गरज आहे त्यांनी पूर्ण वाचा)

सगळ्यात आधी हे सांगते की या चर्चच्या लोकांची खरी किंमत जेलच्या गेटवर कळते. जेवण, खोल्या, प्रार्थना, काउन्सेलिंग सगळ्याबद्दल खाली लिहिलंय, पण ज्यांच्या घरातला माणूस गर्दच्या (ब्राउन शुगर) किंवा दारूच्या पायी आत गेलाय आणि आता जामिनावर सुटायचाय त्यांनी निदान एवढं तरी वाचा. हे लोक सुटकेच्या दिवशी गेटवर येऊन थांबतात. जामिनाची ऑर्डर कोर्टातून जेलला पोचेपर्यंत, आतली कागदपत्रं होईपर्यंत कधी संध्याकाळ होते कधी रात्र, आणि त्या वेळेला तुमचा माणूस हातात एक पिशवी घेऊन बाहेर येतो, फोन नाही, खिशात रिक्षापुरते पैसे असले तर असले, आणि तिथून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर त्याची जुनी गँग कुठे बसलेली असते हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. माझा भाऊ याआधी सुटला तेव्हा तो घरी घणसोलीला पोचलाच नव्हता, दुसऱ्या दिवशी कळव्याच्या पुलाखाली सापडला होता. या वेळेला गेटवर चर्चचे एक अंकल उभे होते, बँकेतून रिटायर झालेले, सोबत एक पोरगा जो स्वतः कधीतरी आत राहून आलाय, आणि गाडीत पाणी, केळी, धुतलेला शर्ट. घरी आईला भेटवलं, तासभर बसू दिलं आणि तिथून त्याच रात्री उरण साईडला त्यांच्या घरी घेऊन गेले.

मी तेव्हा भांडले होते की एक रात्र तरी आईजवळ झोपू दे. त्यावर त्यांच्याकडे येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला जे समजावलं ते इथे लिहितेच, कारण हे कुणी सांगत नाही. माणूस आत असताना त्याची गर्द सुटते किंवा खूप कमी होते, मग शरीराची सहन करायची ताकद पण कमी होते. बाहेर आल्यावर मात्र डोक्यात जुनाच डोस असतो. पूर्वी जेवढी घ्यायचा तेवढीच घेतली की श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जेलमधून सुटलेल्या तीस हजार लोकांचा अभ्यास केला होता, २००७ साली छापून आला, त्यात सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मरण्याचा धोका बाकीच्या लोकांच्या १२.७ पट निघाला आणि सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस. म्हणजे आपल्याला वाटतं की सुटला, चला, संकट टळलं, देवीची ओटी भरू, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात वाईट असतात. हे ऐकल्यावर मी गप्प झाले आणि आईला मीच समजावलं.

आता हे लोक कोण. कॅथलिक चर्चची जेल मिनिस्ट्री आहे, म्हणजे कैद्यांसाठीचं सेवेचं काम, फादर, दोन सिस्टर, आणि बाकी सगळे पॅरिशमधले, म्हणजे त्या चर्चच्या भागातले, साधे नोकरी करणारे किंवा रिटायर लोक. घराचं नाव आणि पत्ता मी मुद्दाम टाकत नाहीये कारण तिथे राहणाऱ्या मुलांपैकी कोण कुठून आलंय हे आसपास सगळ्यांना माहीत नाही आणि तसंच राहावं असं मला वाटतं. कसं पोचायचं ते शेवटी लिहिते. बायबलमध्ये मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशू स्वतः कैदी होता आणि कोणी भेटायला आलं अशा अर्थाचं बोललाय, त्यावरून हे काम निघालं असं अंकल म्हणाले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या जवळचा माणूस चार्ल्स कोल्सन, वॉटरगेटच्या भानगडीत १९७४ मध्ये सात महिने आत गेला आणि बाहेर येऊन १९७६ ला त्याने प्रिझन फेलोशिप ही कैद्यांसाठीची संस्था सुरू केली. आपल्याकडे केरळात १९८१ च्या सुमारास सेमिनारीत, म्हणजे फादर होण्यासाठी, शिकणाऱ्या दोन तरुणांनी प्रिझन मिनिस्ट्री इंडियाची सुरुवात केली. आणि नशेचं म्हणाल तर वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन काढलं ते पण १९८१ चंच. हे घर या कोणाचं नाहीये, पॅरिशच्या लोकांनी चालवलेलं छोटं आहे, पण रीत तिथलीच घेतलीये.

आमच्या घरात ठाणे जेल म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला आणि अनंत कान्हेरेंना १९ एप्रिल १९१० ला जिथे फाशी दिली ती जागा, एवढंच शाळेत शिकलेलं. तिथे आपण मुलाखतीच्या लायनीत उभे राहू असं स्वप्नात पण आलं नव्हतं. त्या लायनीतच मला या सिस्टर भेटल्या. त्या आत बराकीतल्या मुलांशी बोलून येत होत्या, ज्यांचं कोणीच येत नाही त्यांना साबण टॉवेल देत होत्या. भावाने आतून त्यांना आधीच सांगितलं होतं की ताई येते तिच्याशी बोला.

धर्माचं. मला माहितीये तुमच्या मनात हाच प्रश्न आहे, आमच्या पण होता, आणि काका तर सरळ बोलले की पोरगं हातचं जाईल. आम्ही आगरी, कार्ल्याची एकवीरा आमची कुलदेवी, भावाच्या गळ्यात तिचा तावीज आहे. तो आजही आहे. मी पहिल्याच भेटीत फादरना तोंडावर विचारलं आणि त्यांनी पण तसंच सरळ उत्तर दिलं की सकाळ संध्याकाळ प्रार्थना होते, बायबल वाचलं जातं, त्या वेळेला हॉलमध्ये शांत बसणं कंपल्सरी आहे, म्हणणं नाही. कोणाला बाप्तिस्मा घ्यायचाच असला तरी या घरात राहत असताना देत नाहीत, बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभा राहिल्यावर बघू असं सांगतात. मला हे खूप पटलं कारण त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. रोजची मीटिंग असते ती बारा पायऱ्यांची, अल्कोहोलिक्स अनॉनिमसवाल्यांची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटांची, १९३५ पासून चालू असलेली, त्यात पण देव ज्याचा त्याने आपल्या समजुतीप्रमाणे धरायचा असतो. गणपतीत भावाला एका व्हॉलंटियरसोबत घरी पाठवलं होतं, तो व्हॉलंटियर आरतीला टाळ्या वाजवत उभा होता. तरी ज्यांना घरात क्रॉस आणि प्रार्थना अजिबातच नको असेल त्यांनी आधी विचार करावा, कारण ते तिथे सगळीकडे आहे आणि ते लोक ते लपवत नाहीत. खरं सांगू तर मला वाटतं ते लोक इतकं करतात ते त्याच्याच जोरावर.

औषधोपचार. इथे मी सगळ्यात जास्त घाबरले होते कारण आधी आम्ही कल्याणकडच्या एका केंद्रात फसलो होतो, नाव घेत नाही, तिथे टर्की लागलेल्या, म्हणजे नशा बंद झाल्यावर त्रास सुरू झालेल्या, पोरांना खोलीत कोंडून ठेवायचे, आरडाओरडा केला की मारायचे, आणि आम्हाला फोनवर सांगायचे की छान चाललंय. या घरात एक गोष्ट बघितली, प्रार्थनेने टर्की उतरवू असं कोणी म्हणत नाही. नवीन माणूस आला की आधी डॉक्टर. गर्दवाल्याची टर्की आठ-दहा दिवस भयंकर असते, अंग मोडतं, जुलाब, झोप नाही, पण सहसा जीवावर बेतत नाही. दारूवाल्याचं उलटं आहे, रोज पिणाऱ्याची अचानक बंद केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, त्यात माणूस जाऊ पण शकतो. त्यामुळे जास्त पिणाऱ्याला हे लोक घरात घेतच नाहीत, आधी हॉस्पिटलला ॲडमिट करतात, गोळ्या, व्हिटॅमिन बी वनची इंजेक्शनं, सगळं तिथे झालं की मग इकडे. मानसोपचारासाठी ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल, जे १९०१ पासून आहे आणि ज्याच्या नावाने आपण लहानपणी एकमेकांना चिडवायचो, तिथल्या ओपीडीत घेऊन जातात. खोकला असला तर लगेच टीबीची टेस्ट, कारण जेलच्या गर्दीत तो पसरतो, आणि निघाला तर सरकारी औषध फुकट असतं, सहा महिने कोण नेमाने देतंय एवढाच प्रश्न असतो, इथे देतात.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, कुठल्याही नशामुक्ती केंद्रात टाकण्याआधी विचारा की मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ खाली राज्याच्या प्राधिकरणाकडे रजिस्ट्रेशन आहे का. दारू आणि ड्रग्सचं व्यसन त्या कायद्यात येतं, आणि पेशंटला साखळीने बांधणं त्यात सरळ बंद आहे. या घराचं म्हणणं असं की आम्ही उपचार केंद्र नाही, उपचारानंतर राहायचं घर आहोत, उपचार डॉक्टरकडे. तसं ते पहिल्या दिवशी लिहून पण देतात.

घरच्यांसाठी शनिवारी दुपारी बसवतात. पहिल्या दोन वेळेला मला राग आला होता की व्यसन त्याचं आणि क्लास आमचा. पण तिथे बसलेल्या एका वहिनींनी सांगितलं की त्या नवऱ्याला चहातून गोळी देत होत्या, ट्रेनच्या डब्यात ते पोस्टर असतात ना, न सांगता दारू सोडवा, तसलंच काहीतरी. सिस्टरनी तिथेच थांबवलं. त्यात काय घातलेलं असतं कोणाला माहीत, आणि दारू सोडवायचं जे खरं औषध आहे, डायसल्फिराम, त्यावर दारू पोटात गेली तर ब्लड प्रेशर पडतं, हार्टला त्रास होतो, ते पेशंटच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आईने पण तिथेच पहिल्यांदा बोलून दाखवलं की ती त्याला पैसे का देत राहिली. मी इथे ते लिहीत नाही, तिचं आहे ते.

कोर्टाचं काम मला सगळ्यात उपयोगी वाटलं. सुटलेल्या मुलांच्या केस चालूच असतात. देशात जेलमध्ये असलेल्यांपैकी २०२२ च्या सरकारी आकड्याप्रमाणे ७५ टक्क्यांहून जास्त लोक कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायचाच होता. सुटला आणि तारीख चुकली की वॉरंट, वॉरंट म्हणजे परत आत, आणि परत आत म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. या घरात भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे, प्रत्येकाची तारीख लाल पेनाने, आणि कोणीतरी सोबत कोर्टात जातंच. तिथेच आम्हाला कळलं की एनडीपीएस कायद्यात, म्हणजे ड्रग्सच्या कायद्यात, ६४-अ कलम आहे, स्वतः वापरण्याची किंवा अगदी कमी मालाची केस असेल आणि माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला त्या केसमधून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट सोडला तर मात्र ती जाऊ पण शकते. आमच्या आधीच्या वकिलाने हे कधी तोंडातून काढलं नव्हतं.

जागा साधी आहे. एका खोलीत चार-पाच जण, लोखंडी कॉट, पंखे चालतात, पावसात मागच्या भिंतीला ओल येते. जेवण मुलंच करतात, पाळीने, रविवारी मच्छी असते आणि भावाने केलेला बोंबलाचा रस्सा आता तिथे फेमस आहे हे तो मला दर फोनला सांगतो. पैशाचं म्हणाल तर ज्याचं कोणी नाही त्याच्याकडून काही घेत नाहीत, बाकीच्यांनी जमेल तेवढं द्यायचं, आम्हाला कधी कोणी आठवण केली नाही.

आता जे कमी पडतं ते. एक, कामाचं. सहा-सात महिन्यांनी मुलगा बरा दिसायला लागतो आणि मग पुढे काय याचं उत्तर यांच्याकडे नीट नाहीये. पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं की नोकरी गेली. गाड्या धुणं, केटरिंग, कुरिअरची रोजंदारी एवढंच जमवून देतात. नवी मुंबईत एवढी एमआयडीसी आहे, तुर्भे महापे रबाळे, तिथल्या कारखानदारांपैकी चार जण जरी पुढे आले तरी किती फरक पडेल. दोन, बायकांसाठी काहीच नाही. बायका पण आत असतात, एमडी (मेफेड्रोन ड्रग) त्या पण घेतात, आणि सुटल्यावर त्यांना तर घरचे पण दारात उभं करत नाहीत. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या जागा शोधतोय. तीन, पहिला महिनाभर फोन देत नाहीत आणि भेट आठवड्यातून एकदाच, आईला ते फार जड गेलं. का ते मला समजतं, जुने मित्र पहिला कॉल फोनवरच करतात, तरी आईवडिलांसाठी थोडं सैल करायला हरकत नाही.

आणि हो, तिथला प्रत्येक जण सुधारतोच असं नाही. भावासोबत आलेल्यांपैकी एक पळून गेला. तो परत आला तेव्हा गेटवर त्याला कोणी बोललं नाही, आधी जेवायला दिलं आणि मग परत पहिल्या दिवसापासून सुरू. भाऊ अजून क्लीन आहे, मीटिंगला जातो, वाशीला एका कॅन्टीनमध्ये लागलाय. पुढचं मी बोलणार नाही, रोजचा दिवस रोज बघतो आम्ही.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार कामधंदा आणि बायकांसाठीची जागा यासाठी राखून ठेवलाय.

पोचायचं कसं: माणूस अजून आत असेल तर त्यालाच सांगा की चर्चची मंडळी बराकीत येतील तेव्हा नाव द्यायचं, किंवा जेलमध्ये समाजसेवक असतात त्यांना विचारा, टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयास प्रकल्पाचे लोक १९९० पासून जेलमध्ये काम करतायत, त्यांना सगळीकडचं माहीत असतं. बाहेर असाल तर जवळच्या कुठल्याही कॅथलिक चर्चच्या ऑफिसात जाऊन जेल मिनिस्ट्रीचं कोण बघतं एवढं विचारा, ख्रिश्चन असायची गरज नाही. फक्त नशेबद्दल बोलायचं असेल तर सरकारची हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. जामिनाची ऑर्डर हातात पडायची वाट बघू नका, अर्ज टाकला की त्याच दिवशी यांना कळवा, म्हणजे गेटवर कोण येणार ते ठरवून ठेवतात. सोबत आधार कार्ड, केसचे कागद, जुनी औषधांची चिठ्ठी आणि त्याच्या मापाची चप्पल द्या.