घरात पाणी शिरलं: स्वतः निस्तरावं, ओळखीचा गवंडी बोलवावा की शहरातली कंपनी?

पाणी ओसरलं, फरशी पुसून झाली, पायाला कोरडं लागलं की वाटतं, सुटलो एकदाचे. भिंतीच्या आत मात्र पाणी अजून वर चढत असतं. गिलावा आणि विटा टीपकागदासारख्या वागतात. फरशीवर चार बोटं पाणी साचलं असेल, तर काही दिवसांनी ओलीची रेघ हातभर वर गेलेली दिसते आणि आपण म्हणतो, ही नवीन गळती कुठून आली?

गळती नवीन नसते. आपण अर्धंच काम केलेलं असतं. पाणी उपसणं आणि वास्तू वाळवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्याला हात लागतात, दुसऱ्याला मोजमाप लागतं. लहान गावात पहिल्या कामाला माणसं हाकेच्या अंतरावर मिळतात. दुसऱ्यासाठी यंत्रं घेऊन भिजलेल्या वास्तू वाळवणाऱ्या कंपनीचा माणूस बहुधा दूरच्या शहरातून यावा लागतो, आणि तो येईपर्यंत घड्याळ थांबत नाही. ‘स्वतः, गवंडी की कंपनी’ हा प्रश्न एका झटक्यात सोडवायला गेलं की चुकतं, ते म्हणूनच.

थोडा हिशोब करू. २० चौरस मीटरच्या खोलीत ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर, एक टन. साधा पंप ते थोड्या वेळात बाहेर फेकतो. समजा त्यानंतर भिंतीत, फरशीच्या सांध्यांत आणि लाकडात ३० लिटर उरलं. ते पंपाने निघत नाही, त्याची वाफच व्हावी लागते. एका लिटरची वाफ व्हायला साधारण ०.७ युनिट विजेएवढी उष्णता लागते. बरं, वाफ झाली तरी जाणार कुठे? ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे ६० घनमीटरच्या खोलीतली पूर्ण कोरडी हवासुद्धा पावणेदोन-दोन लिटरांत तुडुंब भरते. दारंखिडक्या लावून नुसता पंखा सोडला, की भिंतीतलं पाणी हवेत जातं आणि हवेतून कपाटातल्या कपड्यांत उतरतं. त्यात बाहेरची हवा सादळलेली असेल, तर खिडक्या उघडूनही उपयोग नाही.

पाणी कुठून आलं?

खर्चाआधी हा प्रश्न. वास्तू वाळवण्याच्या धंद्यात आयआयसीआरसी या सफाई-दुरुस्तीचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या एस-५०० या मानकाची भाषा चालते. ते पहिल्यांदा १९९४ साली निघालं. त्यात पाण्याचे तीन प्रकार मानले आहेत. पिण्याच्या पाण्याची नळी फुटली, टाकी भरून वाहिली तर पहिला प्रकार. वॉशिंग मशीनचं किंवा भांडी घासलेलं पाणी दुसरा. ड्रेनेज तुंबून उलटं आलेलं, नदी-नाल्याचं, रस्त्यावरून घरात घुसलेलं पाणी तिसरा, सर्वांत घाण.

हा प्रकार कायमचा नसतो, हे लोक विसरतात. टाकीचं स्वच्छ पाणी गादीत आणि गालिच्यात उबदार हवेत दोन-तीन दिवस मुरलं की ते स्वच्छ राहत नाही. शिवाय ओल्या वस्तूंवर बुरशी धरू नये म्हणून सगळीकडे २४ ते ४८ तासांत वाळवा असं सांगतात. ‘सोमवारी बघू’ म्हणण्याइतकी मुदत त्यात नाही.

पहिल्या प्रकारचं पाणी, एखादी खोली, फरशी दगडी किंवा सिरॅमिकची आणि पाणी येऊन काही तासच झालेले, तर स्वतः निस्तरायला काहीच हरकत नाही. कंपनीची वाट पाहण्यात उलट वेळ जाईल. तिसऱ्या प्रकारात मात्र घरच्या माणसांनी, त्यातही लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांनी, हात घालू नये. तिथे हातमोजे, बूट आणि मास्क ही किमान तयारी झाली. पाणी कोणतंही असो, मेन स्विच बंद झाल्याशिवाय आत पाऊल नको. स्विचच पाण्यात असेल तर तो वायरमनला किंवा वीज कंपनीला बंद करू द्या. पंपासाठी जनरेटर आणलात तर तो घराबाहेर आणि खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तिघांना शेजारी उभं केलं तर

स्वतः केल्याचा सगळ्यांत मोठा फायदा पैशाचा नाही, वेळेचा आहे. तुम्ही आत्ता तिथे आहात. पाणी बंद करणं, सामान विटांवर चढवणं, गाद्या-गालिचे बाहेर काढणं, फोटो घेणं हे तुमच्याइतक्या लवकर कोणी करू शकत नाही. उणीव अशी की आपल्याला ओल दिसते तेवढीच कळते. कपाटामागे, लाकडी फ्लोअरिंगखाली, फॉल्स सीलिंगच्या वर काय चाललंय याचा पत्ता नसतो.

ओळखीचा गवंडी, प्लंबर, सुतार यांच्याकडे वेगळंच भांडवल असतं. तुमचं घर कोणत्या साली बांधलं, गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, पाइप कुठून गेलाय, हे त्यांना ठाऊक असतं. गळतीचं मूळ शोधण्यात त्यांचा हात बाहेरून आलेला तंत्रज्ञ धरू शकणार नाही. चूक होते ती पुढे. गवंड्याचं काम बांधायचं, आणि ओल्या भिंतीवरही तो बांधतो. पोपडे खरवडले, पुट्टी मारली, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले, झालं. भिंतीतलं पाणी आता रंगाच्या मागे कोंडलं. काही महिन्यांत रंग फुगतो, लोणा फुटतो आणि तोच गवंडी परत येऊन तेच काम परत करतो. यात फसवणूक नाही. वाळवणं हे काम आहे असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

शहरातल्या कंपनीकडे यंत्रं असतात आणि असायला हवी असते मोजणीची शिस्त. पण ती येते तासांनी, कधी दिवसांनी. मोठ्या पुरानंतर सगळ्या गावांचे फोन कंपनीला एकाच वेळी जातात, तेव्हा लहान गावाचा नंबर शेवटी लागतो. अशा वेळी गाडी घेऊन दारोदार फिरणारेही उगवतात. काम कुठे केलंय, तक्रार असेल तर आठवड्याने कोण भेटेल, एवढं विचारलं तरी निम्मे गळतात.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांसाठी उत्तर मिश्र आहे. पहिले सहा तास तुमचे आणि ओळखीच्या माणसाचे. पाणी भिंतीत, लाकडात किंवा छतात मुरलं असेल तर त्याच सहा तासांत कंपनीला फोन. दुरुस्ती पुन्हा गावातल्याच माणसाकडे. फक्त ‘वाळलं’ हे ठरवायचा अधिकार गवंड्याला द्यायचा नाही आणि तुमच्या तळहातालाही नाही.

यंत्रं

ब्लोअर भिंतीलगतची दमट हवा हलवतो, म्हणून वाफ लवकर होते. हवेतली वाफ काढून घेतो तो डिह्युमिडिफायर. नुसता ब्लोअर देणारा माणूस निम्मं काम करतो, हे वरच्या हिशोबावरून लक्षात आलंच असेल.

डिह्युमिडिफायरच्या दोन जाती. एकात थंड कॉइलवर बाष्प धरून पाणी टपकतं. उबदार हवेत तो झकास चालतो, थंडीत मंदावतो. दुसऱ्यात सिलिका जेलसारखा शोषक पदार्थ असलेलं चाक फिरतं. ते थंडीतही चालतं आणि हवा फार कोरडी करतं, म्हणून जाड काँक्रीट किंवा सागवानासारख्या हट्टी लाकडाला बरं. वीज मात्र जास्त खातं. उबदार हवामानात राहत्या घराला पहिली जात पुरते.

दुकानातून घरगुती यंत्र आणायचा विचार असेल तर खोक्यावरचा ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा कोणत्या हवेतला आहे ते वाचा. पुष्कळदा तो ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेतला असतो. खोली कोरडी होत जाते तसा तो झपाट्याने घसरतो. यंत्र चालू असताना खिडक्या बंदच हव्यात, नाहीतर तुम्ही बाहेरची हवा वाळवत बसाल. खोली तापली म्हणून घाबरू नका. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि ती आतच राहते.

मोजणारा आणि न मोजणारा

सगळ्या तुलनेत मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच. चांगला माणूस आला की आधी तुमच्या घरातल्या न भिजलेल्या भिंतीतली ओल मीटरने मोजतो. तोच कोरडेपणाचा निकष, कारण प्रत्येक वास्तूची कोरडी अवस्था वेगळी. मग भिजलेल्या जागा मोजतो, आकडे लिहून ठेवतो, रोज येऊन त्याच ठिकाणी परत मोजतो.

मीटरही डोळे झाकून मानायचे नसतात. दोन सुयांचा मीटर विजेचा रोध मोजतो. भिंतीत क्षार असतील तर तो कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. बिनसुयांच्या मीटरला भिंतीतली लोखंडी सळई चकवते. थर्मल कॅमेऱ्याचं रंगीत चित्र पाहून माणूस भारावतो, पण कॅमेरा दाखवतो तापमान, पाणी नव्हे. गार डाग ओलीचा असू शकतो, एसीच्या झोताचाही असू शकतो. कॅमेऱ्याने जागा हेरायची, खात्री मीटरने करायची.

वाळवायचं की फोडायचं?

इथे दोन अंदाजपत्रकांत सर्वांत मोठी तफावत दिसते. एक म्हणतो सगळं उखडू, दुसरा म्हणतो सगळं वाचवू. दोघांवरही संशय घ्या.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेले बोर्ड, फुगले की गेले. वाळून ते पुन्हा मूळ आकाराला येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर यंत्राचं भाडं घालवू नका. भरीव लाकूड वाचतं, पण सावकाश. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलं तर वाकतं, चिरतं. स्वच्छ पाण्याने भिजलेला जिप्सम बोर्ड लवकर हाती लागला तर वाळतो. घाण पाण्याने भिजलेला कापूनच टाकायचा, तोही पाण्याच्या रेघेच्या बराच वर, कारण त्याने पाणी वर ओढलेलं असतं. वीट, दगड, काँक्रीट धुऊन निर्जंतुक करून वाळवता येतात, फक्त आठवडे लागतात. गादी घाण पाण्यात भिजली असेल तर टाकून द्या, कितीही महाग असो.

बुरशीवर ब्लीच ओतण्याचा उपाय जो तो सांगतो. टाइल्सवर ठीक आहे. गिलाव्यात किंवा लाकडात मात्र ते आतपर्यंत पोचत नाही, डाग उडतो आणि बुरशी तिथेच राहते. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचं क्लीनर तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

दुकान, दवाखाना, कार्यालय

घरात खर्च भिंतीचा, धंद्यात खर्च बंद शटरचा. म्हणून इथे माझा कल लवकर कंपनीकडे झुकतो, पण अट घालून: अर्धी जागा वेगळी करून वाळवा आणि अर्धी चालू ठेवता येते का ते सांगा. मधे प्लास्टिकचा पडदा आणि दूषित भागातून हवा बाहेर खेचणारं फिल्टरचं यंत्र, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी निभावतं.

भिजलेला संगणक चालतो का हे बघायला बटण दाबू नका. डेटा वाचण्याची शक्यता बहुधा त्याच बटणात जाते. कागदपत्रांबाबत तर थोडी उलटी युक्ती आहे: वाळवायला वेळ नसेल तर ती गोठवा. १९६६ साली इटलीत आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांची पुस्तकं भिजली, तेव्हा ती तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांपर्यंत नेऊन वाळवावी लागली होती. पुढे १९७२ च्या पुरानंतर अमेरिकेत कॉर्निंगच्या काच संग्रहालयातली पुस्तकं गोठवून ठेवली गेली. गोठलं की बुरशी थांबते आणि शाई फुटायची थांबते. मग निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करता येते. महत्त्वाच्या फाइली पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवणं हे गावातल्या दुकानदारालाही जमणारं आहे. तेवढ्याने विचार करायला आठवडे मिळतात.

विमा आणि सही

अचानक फुटलेली नळी आणि महिनोन् महिने झिरपणारी भिंत यांत विमा कंपन्या सहसा फरक करतात, पुराचं कलम तर पुष्कळदा वेगळंच असतं. पॉलिसी आत्ताच काढून वाचा. काहीही फेकण्याआधी फोटो, पाण्याची रेघ दिसेल असे. सर्व्हेअर यायचाय म्हणून पाणी साठवून बसायचं नाही. नुकसान वाढू न देणं ही बहुतेक पॉलिसींत विमेदाराचीच जबाबदारी असते. ‘क्लेमचं सगळं आम्हीच बघतो’ म्हणत कोरा किंवा अर्धवट कागद पुढे करणाऱ्याला सही देऊ नका.

दोन कंपन्यांतून निवडायची वेळ आली तर फोनवर एकच प्रश्न विचारा: यंत्रं कधी उचलणार? ‘तीन दिवसांनी’ म्हणणारा भाडं मोजतोय. ‘तुमच्या कोरड्या भिंतीचा आकडा ओल्या भिंतीवर आला की’ असं म्हणणाऱ्याला पत्ता द्या, आणि तो पोचेपर्यंत सामान विटांवर चढवायला लागा.